क्रमांक न वाचता

मागच्या रविवारी फोनवर तुम्ही दोघं पुन्हा हसलात. पार्सलमध्ये काय काय ठेवलं आहे ते मी सांगत होते. एक, भाजणी. दोन, मेतकूट. तीन, लोकरीचे मोजे. धाकटी म्हणाली, "आजी, तू सामान सांगून राहिली की हजेरी घेऊन राहिली?" इतक्या लांब वाढलेल्या पोरीच्या तोंडी आपलं जबलपुरी मराठी ऐकून मला बरं वाटलं. मग थोरल्यानं विचारलं, प्रत्येक गोष्टीच्या आधी नंबर कशासाठी. मी म्हटलं, सवय.

ते उत्तर खोटं नव्हतं, पण पुरेसंही नव्हतं. म्हणून हे लिहिते आहे. तुम्हाला मराठी समजतं, पण वाचताना अडखळता. आईला वाचून दाखवायला सांगा. तिलाही यातलं फारसं माहीत नाही.

बांगलादेशची लढाई झाली, त्याच्या पुढच्या उन्हाळ्यातली ही गोष्ट. मी इंग्रजी घेऊन बी.ए. झाले होते आणि त्या इंग्रजीच्या जोरावर शाळा-निरीक्षकांच्या कार्यालयात मला तात्पुरती कारकुनी मिळाली होती. आमचे बाबा दारूगोळ्याच्या सरकारी फॅक्टरीत होते. जबलपूरच्या गोरखपूर भागातल्या आमच्या गल्लीत मराठी घरांतले पुरुष एक तर फॅक्टरीत, नाही तर रेल्वेत. लढाईच्या आधी फॅक्टरीत ओव्हरटाइम सुरू झाला, तो लढाई संपल्यावरही चालूच राहिला. बाबा सकाळच्या भोंग्याला जात आणि दिवेलागणीनंतर येत. जेवताना बोलत नसत. तसे ते आधीही बोलत नसत, पण आधी माझा भाऊ बोलायचा.

भाऊ म्हणजे बैठकीतल्या फोटोतले तुमच्या आईचे मामा. तो सैन्यात होता. डिसेंबरात तार आली. घरात इंग्रजी वाचणारी मी, म्हणून मीच वाचली. तारेत आधी त्याचा नंबर होता, मग हुद्दा, मग नाव. मी त्याच क्रमानं मोठ्यानं वाचत गेले. आकडे पुष्कळ होते. आई कणकेचे हात घेऊन दारात उभी होती आणि आकडे संपायची वाट पाहत होती.

तेरावं झालं, चौदाव्या दिवशी मी ऑफिसला गेले. लोक म्हणाले, मुलगी धीराची आहे. धीर वगैरे काही नव्हता. काहीच नव्हतं. पानात वाढलेला भात गरम आहे की गार, हे मला आईच्या बोलण्यावरून कळायचं. असे चार-पाच महिने गेले आणि मे महिना आला, म्हणजे पाचवीचा निकाल लावायचे दिवस आले.

त्या वेळी पाचवीची परीक्षा सगळ्या जिल्ह्याची एकच असायची. खेड्यापाड्यांतल्या केंद्रांवर मुलं पेपर देत, पेपर तपासले जात, आणि गुणांच्या पट्ट्या कापडी बस्त्यांत बांधून, लाखेची मोहर लावून आमच्याकडे येत. प्रत्येक विषयाची पट्टी वेगळी. डाव्या बाजूला क्रमांक, उजव्या बाजूला गुण. आमच्याकडे टेबलाएवढं रजिस्टर असे. प्रत्येक मुलाची एक ओळ, प्रत्येक विषयाचा एक रकाना. दोघींची जोडी करून काम चाले. एकीनं पट्टी वाचायची, दुसरीनं रजिस्टरात चढवायचं. वाचायची पद्धत ठरलेली होती, आधी क्रमांक, मग गुण. "एक, बेचाळीस. दोन, छत्तीस. तीन, पन्नास." केंद्र संपलं की अदलाबदल करून पुन्हा वाचायचं. मग खाली बेरजा, हजर किती, गैरहजर किती, पास किती, नापास किती.

माझी जोडीदार म्हणजे ऑफिसातल्या सर्वांत जुन्या बाई. त्यांना सगळे दीदी म्हणत, साहेबसुद्धा. त्यांचं घराणं मराठ्यांच्या अमदानीत इकडे आलेलं, त्यामुळे आम्ही फॅक्टरीवाले मराठी त्यांच्या लेखी काल आलेले. जिभेला धार होती, पण माझ्या बाबतीत त्या वर्षी त्यांनी ती आवरून घेतली होती. आमच्या खोलीच्या काचांवर लढाईतल्या ब्लॅकआउटचे काळे कागद अजून चिकटलेले होते. ते खरवडायचं काम कोणाचं, हे ठरलं नव्हतं. दीदींनी त्यांच्या खुर्चीपुरता हातभर तुकडा नखानं काढला होता, तेवढ्या उजेडात आम्ही वाचत असू.

"काहून थांबली? वाच ना."

"घोटभर पाणी पिते, दीदी."

"पी. पण पट्टीवर सांडू नको. कोण्या पोराचे सहाचे साठ व्हायचे."

त्या आठवड्यात साहेबांना निकाल घेऊन भोपाळला जायचं होतं आणि निम्मे बस्ते उघडायचे बाकी होते. मीच म्हटलं, "दीदी, नुसते गुण वाचू का? क्रम तर तोच आहे. तुम्ही ओळीनं लिहीत जा."

दीदींनी पेन थांबवलं. "कधी केलं नाही असं." मग बस्त्यांच्या ढिगाकडे पाहिलं. "अच्छा, चलो. पण भलतीकडे बघत वाचू नको."

काम भराभर व्हायला लागलं. बेचाळीस, छत्तीस, पन्नास. मी आज म्हणू शकते की तारेनंतर मला क्रमांक मोठ्यानं वाचायला नको वाटत होते. तेव्हा तसं काही मनात आलं नव्हतं. तेव्हा मनात काही येतच नव्हतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी बरगी केंद्राचा बस्ता निघाला. तेव्हा तिथे धरण नव्हतं. आसपासच्या गावांतली मुलं परीक्षेला तिथे येत. रजिस्टरात बावीस जण होते. हिंदी झालं, भूगोल झाला, मग गणिताची पट्टी. मी वाचत गेले, दीदी लिहीत गेल्या.

"पुढे?" त्यांनी विचारलं.

"संपले."

"माझ्याकडे बाविसावी ओळ रिकामी आहे."

"बावीस कोण आहे?"

दीदींनी बोट ठेवून पाहिलं. "प्रायव्हेट आहे. बाई आहे कोणी, अठ्ठावीस वर्षांची."

"गैरहजर असेल."

"असेलच. प्रायव्हेटवाले गणिताला कुठे थांबतात. हिंदीचा पेपर देऊन जे घरी जातात, ते जातात."

प्रायव्हेट, म्हणजे शाळेत न जाता परीक्षेला बसलेल्यांचे क्रमांक नेहमी यादीच्या शेवटी असत आणि त्यांतले बरेच जण खरंच मधेच सोडून देत. दीदींनी लाल शाईनं 'अनु.' लिहिलं, म्हणजे अनुपस्थित. अदलाबदल करून पुन्हा वाचलं, तेही नुसते गुणच. पट्टीच्या तळाशी केंद्राच्या मास्तरांनी लिहिलं होतं, हजर एकवीस, गैरहजर एक. आमच्या रजिस्टरातही हजर एकवीस, गैरहजर एक. बेरीज जुळली. आम्ही बस्ता बांधला.

निकाल गावोगाव गेला. त्यानंतर चार-सहा दिवसांनी ती बाई आली.

उंच, हाडकुळी, पांढऱ्याकडे झुकलेलं फिकट लुगडं. दारातच चपला काढून आत आली. हातात निकालाचा कागद होता.

"बाईजी, बरगी सेंटर. बाईस नंबर. गणित में गैरहाजिर लिखो है. हम तो बैठे थे."

मी रजिस्टर उघडून पाहिलं. "रजिस्टर में गैरहाज़िर ही है."

"रजिस्टर में होगा. पर हम बैठे थे."

तिचा नवरा फॅक्टरीत मजूर होता. शहरात भाड्याची खोली घेऊन राहायचा आणि ती गावी सासूकडे. लढाईच्या दिवसांत ओव्हरटाइम करून सायकलवरून खोलीकडे येताना रिछाईजवळ त्याला बरं वाटेनासं झालं. तो रस्त्याच्या कडेला बसला आणि तिथेच गेला. फॅक्टरी त्याच्या जागी तिला कामावर घ्यायला तयार होती, बायकांच्या पॅकिंगच्या कामावर. अट एकच, पाचवी पासचा दाखला हवा, आणि तो जून संपायच्या आत. ती दुसरीपर्यंत शिकलेली. चार महिन्यांत तिनं पाचवीची तयारी केली होती. हे सगळं तिनं उभ्यानं सांगितलं, दुसऱ्या कोणाचं सांगावं तसं. मीही तसंच ऐकलं.

मी तिला नियम सांगितला. ऑगस्टमध्ये पूरक परीक्षा असते, तिला बसता येईल.

"अगस्त तक कौन रुकेगो, बाईजी."

"फिर मैं क्या करूँ?" मी म्हटलं. ते मी चिडून म्हटलं नव्हतं. खरंच काय करायचं ते मला कळत नव्हतं, आणि कळून घ्यावं असंही वाटत नव्हतं.

ती व्हरांड्यात माठाशेजारी बसून राहिली आणि दुपारच्या बसनं गेली. दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसनं पुन्हा आली. आत येऊन तिनं गणिताचा पेपर म्हणून दाखवायला सुरुवात केली.

"पहला सवाल जोड़ का था. बन गया. दूसरा हौज का था. दो नल भरते हैं, एक नल खाली करता है, हौज कितनी देर में भरेगा. वो हमसे नहीं बना."

"छोड़ दिया?" दीदींनी लिहिता लिहिता विचारलं.

"छोड़ो नहीं. हमने लिख दई कि पहले खाली करने वाला नल बंद करो."

दीदी हसल्या. मान वर करून माझ्याकडे पाहत मराठीत म्हणाल्या, "घरी बसलेल्या बाईला हे उत्तर सुचणार नाही. बस्ता काढ."

मी स्टुलावर चढून बरगीचा बस्ता काढला. गणिताची पट्टी उलगडली आणि महिनाभरात पहिल्यांदा डाव्या बाजूनं बोट खाली नेलं. सहा. सात. आठ. दहा.

नऊ नव्हता. गणिताच्या दिवशी नऊ क्रमांकाचं मूल आलंच नव्हतं आणि मास्तरांनी त्याच्यासाठी ओळ न सोडता आठच्या खाली दहा लिहिला होता. त्यांचं काही चुकलं नव्हतं, क्रमांक शेजारी होताच. मी तो वाचला नव्हता. त्यामुळे दहाचे गुण नवाला गेले, अकराचे दहाला, आणि असंच खाली शेवटपर्यंत. प्रत्येकाच्या नावावर त्याच्या खालच्याचे गुण चढले आणि शेवटची ओळ रिकामी राहिली. ती शेवटची ओळ या बाईची. तिला अडतीस मिळाले होते, तेहतिसाला पास.

मी कागद घेऊन केंद्राची ओळ न् ओळ पुन्हा मांडली. बहुतेक मुलं इकडच्या गुणांनीही पास होती आणि तिकडच्याही. निकाल फिरला होता चौघांचा. नऊ क्रमांक पेपरला न बसता पास झाला होता. पंधराला मिळाले होते सतरा, आणि तो सोळाच्या गुणांवर पास झाला होता. त्याचे सतरा चौदाला गेले होते. चौदाचे स्वतःचे गुण होते एकसष्ट, आणि ती नापास होती. चौथी ही बाई. दोन वर गेले, दोन खाली आले, म्हणून खालच्या बेरजा बिनचूक जुळल्या होत्या.

"कोणी केलं हे?" दीदी म्हणाल्या. हे त्यांनी सवयीनं विचारलं असावं.

"मी."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "आपण," त्या म्हणाल्या.

बाईचा अर्ज लिहून घेऊन आम्ही दोघी साहेबांकडे गेलो. साहेब वाईट गृहस्थ नव्हते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, पट्टी पाहिली, रजिस्टर पाहिलं, चष्मा काढून ठेवला.

"रिज़ल्ट गाँव-गाँव पहुँच गया है. अब नौ नंबर के घर जाकर कहोगी कि लड्डू वापस करो?"

मी पट्टी उचलून तिची घडी घातली.

"जिसने अर्ज़ी दी है, उसका सुधार कर दो. और किसी ने अर्ज़ी दी है?"

"नहीं, सर."

"तो बस."

मी परत येऊन लाल 'अनु.'वर रेघ मारली, त्याच्यावर अडतीस लिहिले, शेजारी माझी आद्याक्षरं. साहेबांची सही आली. दीदींनी तळाची बेरीज पुन्हा केली आणि पेन्सिल टेबलावर टाकली.

"बघ गंमत. चूक होती तेव्हा जुळत होतं. आता हजर बावीस झाले अन् पट्टीत एकवीसच आहेत."

"मग काय लिहायचं?"

"काही नाही. कोण बघून राहिलं आहे."

दाखला मी स्वतः टाइप केला. बाईनं तो दोन्ही हातांनी घेतला, वाचला, अक्षर न् अक्षर ओठ हलवत. नीट घडी करून पदराच्या आत ठेवला. ती आता जाईल असं मला वाटलं. ती टेबलाजवळ आणखी पुढे आली.

"बाईजी, एक और देख लो. चौदह नंबर. हमाए पड़ोस की मोड़ी है, बिटिया जैसी. उसी ने हमें पहाड़े रटाए. एक पहाड़ा चूको तो रोटी नहीं बेलने देती थी. वो फेल, और हम पास? ऐसो कैसे हो सके?"

रजिस्टर माझ्या समोर उघडं होतं. माझा तळहात त्या पानावर होता. चौदाची ओळ हाताखाली होती की नव्हती, ते मी पाहिलं नाही.

"उससे कहो, अर्ज़ी दे दे."

"उसका बाप नहीं देगो. वो तो कहत है, अच्छो भओ, पढ़ाई छूटी."

"अर्ज़ी के बिना नहीं होगा."

तिनं दीदींकडे पाहिलं. दीदी दौतीचं झाकण लावत होत्या. मग तिनं मान हलवली. "ठीक है. हम कहेंगे." दाराशी जाऊन चपला घातल्या आणि बससाठी गेली.

मी अर्जाची वाट पाहिली. हे मी मुद्दाम लिहिते, कारण ते खरं आहे. रोज डाक आली की बरगीचा शिक्का आहे का ते मी आधी बघायची. जून गेला. पूरक परीक्षेचे फॉर्म भरून आले, त्यांतही ती नव्हती. पुढच्या वर्षीच्या बरगीच्या यादीतही मी शोधलं. चौदा क्रमांकावर दुसरंच कोणी होतं. ते असणारच, क्रमांक दर वर्षी बदलतात. पण वरपासून खालपर्यंत तिचं नावही नव्हतं.

त्या दिवसांत आमच्या गल्लीतले निम्मे लोक अर्ज लिहून घ्यायला माझ्याकडे येत. बदलीचे, रजेचे, क्वार्टरचे. बाबांनी भावाच्या वस्तू परत मिळाव्यात म्हणून जो अर्ज केला, तो मीच इंग्रजीत लिहिला होता. ऑफिसात टाइपरायटर दिवसभर माझ्या पुढ्यात असायचा. पाढे शिकवणाऱ्या त्या मुलीच्या वतीनं चार ओळी टाइप करून, या बाईचीच सही घेऊन तो कागद साहेबांपुढे ठेवणं, याला दहा मिनिटं लागली असती. साहेबांनी सहीही केली असती. मी भीतीनं थांबले, असं नाही. मला कोणी अडवलं, असंही नाही. तेव्हा काय वाटलं होतं ते मी पुष्कळदा आठवून पाहिलं. दुःख सापडत नाही, लाज सापडत नाही. उन्हाळा आठवतो, काचेवरचा काळा कागद आठवतो, आणि डाक पाहून झाल्यावर मी डबा उघडायची ते आठवतं.

दीदींनी त्यावर पुन्हा कधी विषय काढला नाही. मात्र पुढच्या मे महिन्यात बस्ते आले तेव्हा त्यांनी पेन उघडलं आणि म्हणाल्या, "क्रमांक वाच." मी वाचायला लागले. त्यानंतर मी पंधरा वर्षं ते काम केलं आणि एकदाही क्रमांक गाळला नाही. फॅक्टरीच्या भोंग्यावर आमची घरं चालत, तसं माझं तोंड त्या क्रमावर चालायला लागलं. माझं लग्न झालं, तुमची आई झाली. तिला दूध पाजतानाही मी चमचे मोजायची, असं तुमचे आजोबा सांगत.

ती बाई फॅक्टरीत लागली आणि निवृत्त होईपर्यंत तिथेच होती. गोरखपूरच्या बाजारात कधीमधी भेटायची, दोन-तीन बायकांबरोबर, खांद्याला डब्याची पिशवी. लांबूनच हात जोडायची. "बाईजी, नमस्ते." अंगानं भरली होती, हसायला लागली होती. एकदा भाजीच्या हातगाडीपाशी आम्ही शेजारी उभ्या होतो. मी विचारलं, ती मुलगी कशी आहे.

"कौन सी मोड़ी?"

"पहाड़े वाली."

"अच्छा, वो. उसका तो ब्याह हो गओ, उसी साल." तिनं भेंडीचं टोक मोडून पाहिलं, जून निघाली, ती परत ढिगात टाकली. "जे भिंडी नहीं चाहिए," ती भाजीवाल्याला म्हणाली. मग माझ्याकडे वळून, "आज भी पहाड़ा बोलते हैं तो उसी की आवाज में बोलते हैं, बाईजी. सत्रह के में तो अब भी डाँट सुनाई देत है."

ती मुलगी खरं तर पास होती, हे मी तिला तेव्हाही सांगितलं नाही. ती दुसऱ्या हातगाडीकडे गेली. पुढे धरण झालं आणि त्यांचं गाव पाण्याखाली गेलं, असं ऐकलं. मग ती बाजारातही दिसेनाशी झाली. ऑफिसातली जुनी रजिस्टरं नियमाप्रमाणे काही वर्षांनी रद्दीत काढतात, तीही गेली असतील. म्हणजे त्या मुलीला एकसष्ट मिळाले होते, हे आता कुठेच लिहिलेलं नाही.

त्या मुलीचं नाव रजिस्टरात होतं. मी ते वाचलं होतं, पुढच्या वर्षीच्या यादीत त्याच नावानं शोधलं होतं. आज ते आठवत नाही. आडनाव नव्हतंच, नुसतं नाव आणि बापाचं नाव. अक्षर दीदींचं, ठसठशीत. 'क'नं सुरू होत असावं. भावाच्या तारेतले आकडे मात्र मला आजही पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हणून दाखवता येतील, आणि हिचेही.

चौदा, एकसष्ट.